घरातली प्रार्थना तुमच्याकडे कशी चालते? अनुभव लिहा

सुरुवात मीच करते. आमचं घर नगरचं, चर्च पूर्वीच्या अमेरिकन मराठी मिशनचं. रात्रीची भांडी आवरली की आजी फळीवरची झांज काढायची. तो आवाज कानावर पडला की आम्ही पोरं असू तिथून चटईवर हजर. आजीला अक्षरओळख नव्हती, पण कवी ना. वा. टिळकांची भजनं एकामागून एक म्हणायची. 1895मध्ये ख्रिस्ती झाल्यावरही ना. वा. टिळकांनी अभंग-ओवीचा हात सोडला नाही, म्हणून तर आजीला ख्रिस्त तोंडपाठ होता! आज माझ्याकडे 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक आहे, मोबाईलमध्ये पवित्र शास्त्र आहे, आणि चौघांना एकत्र बसायला वीस मिनिटं सापडत नाहीत. याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्याकडे काय जमलं, काय फसलं, मोकळेपणाने लिहा. उपदेश नको, घडलेलं सांगा.

वसई
आमच्याकडे संध्याकाळी सातला रोझरी, म्हणजे मरियामातेची जपमाळ. ऑक्टोबर रोझरीचा महिना, तेव्हा शेजारची दोन-तीन घरंही येतात. पाच दशकं, म्हणजे दहा-दहा 'नमो मरिया'चे पाच भाग, पाच जणांनी वाटून घ्यायची. तिसरं दशक धाकटीचं. ती पाच वर्षांची. मण्यावरून बोट घसरतं, मग कधी आठच 'नमो मरिया' होतात, कधी तेरा. पहिल्या दिवशी मी तिला टोकलं, तर सासऱ्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून हाताने खूण केली, राहू दे. तेव्हापासून आम्ही कोणी मोजत नाही.
मोठ्याने नाताळच्या गोठ्यासाठी वाटीत नाचणी पेरली होती. दहा-बारा दिवसांत हिरवीगार येते. दोन दिवस पाणी घालायला विसरला आणि कोंब पिवळे पडले. रडला. नवी पेरायला वेळ नव्हता, तेव्हा तीच वाटी बाळ येशूच्या उशाशी ठेवली. सहा जानेवारीला गोठा उचलेपर्यंत तो तिला पाणी घालत होता.

मेलबर्न
मुलांना मराठी समजतं, बोलायला लाजतात. रविवारी आई व्हिडिओ कॉलवर स्तोत्र 23 एकेक ओळ सांगते, ती मागून म्हणतात. 'मला काही उणे पडणार नाही' यातलं 'उणे' त्यांनी गणितातून ओळखलं. आईला केवढा आनंद झाला!

श्रीरामपूर
सतरा वर्षांचा मुलगा वर्षभर प्रार्थनेला बसला नाही. मी ओरडलो, एकदा हातही उगारला. चूक माझीच होती आणि ती मी त्याच्याजवळ कबूल केली. पुढे सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला निघालो, तेव्हा आजीचे गुडघे चालेनात. तिला आधार देत त्या गर्दीतून हाच घेऊन गेला, मेणबत्तीही तिच्यासाठी यानेच लावली. रात्रीच्या प्रार्थनेला तो अजून बसत नाही. मी बोलावतो, पण ओढत नाही.

पुणे
आम्ही जेवणाआधी प्रभूची प्रार्थना म्हणतो. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' मुलीने विचारलं, "ऋण म्हणजे कर्ज ना बाबा? आपण कोणाचं सोडलं?"
गावच्या जमिनीवरून थोरल्या भावाशी माझं चार वर्षं बोलणं नाही, हे तिला ठाऊक आहे. मी विषय बदलला. पण त्यानंतर त्या ओळीला माझे नुसते ओठ हलायचे. शब्द निघत नव्हता, आणि मुलगी डोळे किलकिले करून माझ्याकडेच बघत असायची. बायको एवढंच म्हणाली, "वगळून टाकू या का ती ओळ?" तेव्हा मला फार लागलं. पोरांना विश्वास शिकवायला बसलेला बाप मीच ना?
गेल्या शनिवारी दादाला फोन लावला. उचलला नाही. मेसेज केला, "दादा, माझं चुकलं, घरी ये." वाचलाय, उत्तर नाही. रात्री ताटं वाढल्यावर ती ओळ म्हटली, आवाज बारीक निघाला. मुलगी रोज शाळेतून आल्या आल्या विचारते, "काकांचा फोन आला?"