1972 च्या दुष्काळात पीक बुडाले, तरी बंगालसारखा संहार का झाला नाही?

कोरडवाहू : 1970 पासून सलग तीन हंगाम फसले आणि 1972-73 मध्ये महाराष्ट्राचे धान्योत्पादन नेहमीच्या निम्म्याच्या आसपास आले. तरीही 1943 च्या बंगालप्रमाणे इथे लाखो माणसे दगावली नाहीत. मग अन्नसुरक्षा पिकावर नेमकी किती अवलंबून असते?

पाझरतलाव : लोक समजतात त्यापेक्षा कमी. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांच्या हिशेबानुसार बंगालमध्ये 1943 साली 1941 पेक्षा जास्त धान्य उपलब्ध होते. परंतु युद्धकाळात तांदळाचे भाव भडकले आणि शेतमजूर व मच्छीमारांची कमाई त्यांना गाठू शकली नाही. कोरडवाहू गावात पाऊस हुकला की ज्वारी हातची जाते, पण भूमिहीनाची खुरपणी-काढणीची मजुरी त्याआधीच बुडालेली असते. 1973 च्या मे महिन्यात सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, नालाबांध घालत होती. परराज्यांतून खाजगी धान्य आणण्यावर निर्बंध होते. तरीही मजुरांच्या हाती पैसा खेळतो आहे हे पाहून व्यापाऱ्यांनी ते चोरवाटांनी आणलेच. (कायदा मोडला गेला आणि लोक जगले, हे सरकारी अहवालात कोण लिहिणार?)

आषाढपाळी : हे मान्य, पण केवळ मजुरीवर सारे श्रेय टाकू नये. रेशनवर लाल मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आला नसता, कामावर सुकडी (पौष्टिक कोरडा खाऊ) वाटली गेली नसती, तर त्या पैशाने भावच चढले असते. शिवाय जीव वाचला म्हणजे घर सावरले असे होत नाही. चारा संपल्यावर सगळेच एकदम जनावरे बाजारात नेतात, त्यामुळे बैल मातीमोल जातो. पुढच्या मृगात पाऊस वेळेवर पडला, तरी बैल विकून बसलेल्याची पेरणी दुसऱ्याचे औत मोकळे होईपर्यंत खोळंबते.

पाझरतलाव : बैलांचा मुद्दा रास्त आहे. म्हणूनच विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली आणि 1977 च्या कायद्याने हक्क ठरलेली रोजगार हमी मला मोलाची वाटते, कारण दुष्काळ जाहीर होण्याची वाट न पाहता काम मागता येते. मजुरी मात्र वेळेत मिळाली पाहिजे. दोन महिने रखडली, तर मजूर वाण्याच्या उधारीवर जगतो आणि ती फेडण्यासाठी शेवटी शेळी किंवा बैलच विकतो.