मदत हवी आहे: वेग वाढला की जुन्या कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण 'रिच' (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) का व्हायचं?

नमस्कार मंडळी,

पुढच्या गुरुवारी तंत्रनिकेतनातल्या मुलांना सुरुवातीच्या मोटारींच्या कार्ब्युरेटरबद्दल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेत इंधन मिसळणाऱ्या भागाबद्दल, तासभर सांगायचं आहे. मुलं फ्युएल इंजेक्शनच्या, कार्ब्युरेटर नसलेल्या गाड्यांवर वाढलेली, बऱ्याच जणांनी कार्ब्युरेटर उघडलेलाही पाहिलेला नाही. तयारी करताना एका ठिकाणी अडकलोय.

सुरुवात कार्ल बेंझच्या गाडीपासून करणार आहे. तिला वेगळी टाकी नव्हती. कार्ब्युरेटरच्याच भांड्यात साधारण 4.5 लिटर लिग्रोइन (पेट्रोलसारखं हलकं इंधन) मावायचं, आणि हवा त्याची वाफ घेऊन इंजिनात शिरायची. म्हणून ऑगस्ट 1888 मध्ये त्याची पत्नी बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून शंभरेक किलोमीटरवरच्या फोर्त्सहाइमला निघाल्या, तेव्हा वाटेत वीसलोखच्या औषधांच्या दुकानातून लिग्रोइन घ्यावं लागलं. इंधनाची नळी तुंबली तर हॅटची पिन घालून त्यांनी ती मोकळी केली. (नळीत कचरा अडकायची तक्रार इतकी जुनी आहे, हे मुलांना आवर्जून सांगणार.) पण त्या पद्धतीतली खरी खोट वेगळीच होती. आधी हलका भाग उडून जायचा, जड भाग भांड्यात उरायचा, आणि त्याची वाफ लवकर होत नसे. त्यामुळे मिश्रण सारखं बदलत राहायचं.

1893 मध्ये विल्हेल्म मायबाखने इंधन बारीक तोटीतून थेट हवेच्या झोतात फवारलं, आणि इंधनाची पातळी फ्लोटने (तरंगत्या गोळ्याने) राखली. हंगेरीत बांकी आणि चोंका यांनीही त्याच वर्षी हेच साधलं. इथपर्यंत नीट समजतं. परवा जुन्या स्कूटरचा कार्ब्युरेटर वर्तमानपत्रावर उघडून बसलो होतो. मेन जेट (पेट्रोल ज्यातून येतं ती बारीक भोकाची तोटी) ट्यूबलाइटसमोर धरला, तर टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसला. सगळा हिशेब तेवढ्या भोकावर!

आता अडचण. भोक तेच, हवेची वाट तीच, मग इंजिन जोरात फिरू लागलं की हवेच्या मानाने पेट्रोल जास्त का येतं? 1902 मध्ये पानार-लव्हासोर या फ्रेंच मोटार कंपनीच्या आर्थर क्रेब्सने पडदा आणि स्प्रिंगवर आपोआप उघडणारी जादा हवेची वाट दिली, ती याचसाठी. माझी समजूत अशी: ओढ वाढली की हवा विरळ होते, पेट्रोल होत नाही, म्हणून वजनात हवा मागे पडते. शिवाय पेट्रोलची पातळी तोटीच्या तोंडाखाली असते. ओढ कमी असताना त्याला आधी तेवढं वर चढावं लागतं, म्हणून संथ वेगात ते कमीच येतं. हे बरोबर आहे का? आणि त्या काळच्या संथ इंजिनांत यातलं कोणतं कारण जास्त भारी पडत असेल? मला दुसरं, म्हणजे पातळीचं कारण वाटतं.

वर्गात पेट्रोल अजिबात नको, पाण्यावरच दाखवायचं आहे. व्हॅक्यूम क्लीनर, पारदर्शक पाइप आणि इंजेक्शनची सुई जोडून पाहिली. पाणी छान फवारलं जातं, किती गेलं तेही मोजता येतं. हवा मात्र मोजता येत नाही. त्यासाठी घरगुती सामानातली एखादी युक्ती कुणी केली असेल तर कृपया सांगा. बुधवारी रात्रीपर्यंत जोडणी करून पाहायला वेळ आहे.