अनुभव धागा: वैमानिकांनो, करारावर सही करताना तुमच्या पाठीशी कोण होतं?

मी एकतीस वर्षं विमानं उडवली. त्यातली नऊ वर्षं संघटनेच्या समितीवर काढली. आता निवृत्त, मुक्काम पार्ले. गेल्या आठवड्यात शेजारचा मुलगा नवा करार घेऊन आला. नुकताच को-पायलट झालाय. "काका, परवापर्यंत सही करायचीय, जरा नजर टाकता?" सदतीस पानं होती. हमीचे तास, म्हणजे उडालो नाही तरी ज्यांचा पगार मिळतो ते, कमी केलेले, बेस, म्हणजे ड्यूटीचं मूळ शहर, कुठला द्यायचा ते कंपनी ठरवणार, आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, या अटी कंपनी वेळोवेळी बदलू शकेल. मी विचारलं, संघटना काय म्हणतेय? तो म्हणाला, "कुठली संघटना?"

त्या रात्री मला झोप लागली नाही.

आपल्याकडे वैमानिक कधी उठलेच नाहीत असं नाही. 2009 मध्ये जेट एअरवेजमध्ये नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड ही वैमानिकांची संघटना उभी राहिली, तिच्या दोन वैमानिकांना काढलं, तेव्हा सप्टेंबरमध्ये शेकडो जण पाच दिवस 'आजारी' पडले. पण एअर इंडियाचं उदाहरण मला जास्त छळतं. 2007 साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्या एक झाल्या, वैमानिकांच्या संघटना मात्र दोनच राहिल्या. 2011 मध्ये इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशनने समान पगारासाठी 10 दिवस संप केला. 2012 मध्ये इंडियन पायलट्स गिल्डने 58 दिवस केला, तो ड्रीमलायनर या नव्या विमानाचं प्रशिक्षण दुसऱ्या कंपनीतून आलेल्या वैमानिकांनाही मिळणार म्हणून. एकाच गणवेशातली माणसं एकमेकांच्या आड आली. 101 जणांना काढलं गेलं.

तुमच्यावर काय गुजरलं ते लिहा. कंपनीचं नाव नको, माणसाचं नको.

कॅप्टन, नागपूर

आमचा करार रात्री पावणेअकराला मेलवर आला. चार उड्डाणं करून हॉटेलवर पोचलो होतो, बूटही काढले नव्हते. मुदत पाच दिवस. बेसच्या ग्रुपवर लगेच ठिणगी पडली, "कोणीही सही करायची नाही." खाली अंगठेच अंगठे. मी मोजले, एकशे चाळीसच्या वर होते. अंगावर काटा आला. वाटलं, या वेळी आपण टिकणार.

तिसऱ्या दिवशी ऑफिसातून एकेकाला फोन सुरू झाले. माझा आला तो अगदी गोड आवाजात. "सर, मोठ्या विमानाच्या पुढच्या बॅचला तुमचं नाव आहे ना? करार झाला नाही तर मी ते कसं ठेवू, सांगा." फोन ठेवला. समोर बायको मुलीच्या कॉलेजच्या फीची पावती फाइलला लावत होती. मी टॅबलेट उघडला. शेवटपर्यंत गेल्याशिवाय चौकटीत टिक होत नव्हती, म्हणून बोटाने पानं ढकलत राहिलो. शेवटची दहा मी वाचलीसुद्धा नाहीत. टिक हिरवी झाली.

मग ग्रुप उघडला. तिथे चिडीचूप. नंतर कळलं, बहुतेकांनी त्याच रात्री सही केली होती, एकमेकांना न सांगता.

आमचे हमीचे तास 70 वरून 40 वर आले. म्हणजे 40 तासांचा पगार नक्की, पुढचे जेवढे उडाल तेवढ्याचे पैसे. विमानं भरपूर उडतात तोवर काही वाटत नाही. पण सिम्युलेटरला आठवडा गेला, मेडिकल लांबलं, इंजिनाच्या सुट्या भागांअभावी विमानं उभी राहिली, की घर 40 तासांवर चालवायचं. मग माणूस सर्दी झालेली असतानाही ड्यूटीला येतो. कान बंद असताना विमान खाली उतरायला लागलं की डोक्यात काय होतं हे ज्याने सोसलंय त्याला विचारा. त्या अवस्थेतला माणूस पुढे बसावा असं कुठल्या प्रवाशाला वाटेल?

को-पायलट, हैदराबाद (मूळ गोंदिया)

बिरसीच्या धावपट्टीवरून उठणारी विमानं बघत मी वाढले. वडिलांनी धानाची शेती गहाण टाकली. टाइप रेटिंगचे, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याच्या परवान्याचे, पैसेही आम्हीच भरले आणि वर पाच वर्षांचा बॉण्ड.

संघटनेचा सभासद फॉर्म मी भरला आहे. सात महिने झाले, तो फ्लाइट बॅगेच्या मागच्या कप्प्यात आहे, लॉगबुकच्या खाली. ज्यांनी मला शिकवलं ते इन्स्ट्रक्टर कॅप्टन म्हणाले, "कन्फर्म होईपर्यंत कुठे नाव देऊ नकोस." ते माझ्या भल्यासाठीच बोलले. ते स्वतः सभासद आहेत.

सोडून जा म्हणणं सोपं आहे. 2017 पासूनच्या नियमाप्रमाणे कॅप्टनला वर्षभर आणि को-पायलटला सहा महिने आधी नोटीस द्यावी लागते. दुसरी कंपनी माझ्यासाठी सहा महिने का थांबेल? कंपनीला मात्र माझ्या अटी एका मेलने बदलता येतात.

समितीवरचा एक, अंधेरी

कंपनीबद्दल सगळे लिहितील, मी आपल्याबद्दल लिहितो. वाईट वाटलं तरी चालेल.

वाटाघाटीला बसलो की समोरचे सगळ्यात आधी एकच विचारतात, तुमचे किती? नव्या औद्योगिक संबंध संहितेत, 21 नोव्हेंबर 2025 पासून, एकापेक्षा जास्त संघटना असतील तर 51 टक्के कामगार ज्या संघटनेकडे तीच वाटाघाटीला एकटी बसणार. निम्म्या लोकांनी ठरवून एका दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संपच धरला जाईल, आणि संपाला 14 दिवस आधी नोटीस हवी. शिवाय वैमानिक 'कामगार' की पर्यवेक्षक, हा वाद आमच्याविरुद्ध कधीही काढता येतो, कारण पर्यवेक्षकाचा पगार 18,000 च्या वर गेला की तो कामगार राहत नाही. कॅप्टनच्या पगाराशी हा आकडा ताडून बघा.

एवढं डोक्यावर असताना आमच्या शेवटच्या सभेत अडीच तास कशावर गेले? सिनिऑरिटीवर. विलीनीकरणानंतर कोण कोणाच्या वर. करारातल्या रजेच्या कलमावर बोलायला उरले नऊ जण. वर्गणी मागायला गेलो तर एक कॅप्टन म्हणाले, "तुम्ही आजवर मिळवून काय दिलंत?" साहेब, तुम्ही आत आलात तर मिळवू ना!

कॅप्टनची पत्नी, ठाणे

हे ज्या कंपनीत होते ती बंद पडली. बंद पडायच्या आधी काही महिने पगार थकलेला. तरी हे रोज पहाटे इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. मी विचारायचे, "पैसे देत नाहीत, मग कशाला उडवता?" म्हणायचे, "आपण थांबलो तर कंपनी आपल्यामुळे बुडाली म्हणतील." संघटनेने नाही उडवायचं असं ठरवलं, मग पुढे ढकललं, मग परत ढकललं. कंपनी बुडायची ती बुडालीच. थकलेल्या पगाराच्या दाव्याचे कागद अजून लोखंडी कपाटात आहेत. दर दिवाळीच्या साफसफाईत मी ते पुसून परत ठेवते.

फर्स्ट ऑफिसर, अटलांटा (मूळ सांगली)

इकडे सगळं आलबेल आहे असा समज नको. अमेरिकेत विमान कंपन्यांनाही लागू असलेल्या रेल्वे लेबर ॲक्टखाली आमचा करार संपतच नाही, ठरलेल्या तारखेनंतर तो फक्त बदलायला मोकळा होतो. बोलणी वर्षानुवर्षं चालतात आणि जुनाच पगार चालू राहतो. संप करायचा तर सरकारी मध्यस्थ मंडळाने बोलणी संपली असं जाहीर करायला हवं, त्यानंतर आणखी 30 दिवस थांबायचं. तेवढा वेळ तरुण पोरांना धीर राहत नाही, संघटना मऊ पडली म्हणून बोंब सुरू होते. मीही केली आहे.

पण डेल्टाच्या वैमानिकांना 2023 मध्ये चार वर्षांत मिळून 34 टक्के वाढ मिळाली ती सगळ्यांच्या एकाच करारात. आधी मतदान झालं, मग करार. मसुदा प्रत्येकाच्या हातात, त्यावर जागोजागी सभा. नागपूरच्या सरांचं वाचून कळलं की आम्ही कशाला मऊ म्हणतो.

रोस्टर विभागात काम करणारी, मुंबई

कोणी कधी उडायचं ते मी लावते, म्हणजे तुमच्या समोरच्या टेबलावर बसते, तरी लिहिते. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे सरकारी नियम जानेवारी 2024 मध्ये जाहीर झाले. आठवड्याची सुट्टी 36 वरून 48 तास, रात्र पहाटे पाचऐवजी सहापर्यंत, रात्रीची लँडिंग 6 ऐवजी 2. ते पुरते लागू व्हायला नोव्हेंबर 2025 उजाडला, तेही वैमानिक संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या म्हणून. डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि लगेच काही नियमांत सूट दिली गेली. रोस्टर लावताना मला दिसतं की रात्रीचा माणूस स्क्रीनवर नुसता एक निळा पट्टा असतो. त्या पट्ट्याला 48 तास मिळाले ते कोर्टात गेलेल्या संघटनांमुळे मिळाले.

को-पायलट, हैदराबाद

सर, सगळं वाचलं. मागच्या सोमवारी कन्फर्मेशनचं पत्र आलं. फॉर्म कुठे पाठवू?

धागाकर्ता, पार्ले

पोरी, अंधेरीच्या सरांकडे पाठव, मी त्यांच्याशी बोललोय. आणि तारीख आजची घाल, सात महिन्यांपूर्वीची चालायची नाही. शेजारच्या मुलाने सही केली, मी त्याला अडवू शकलो नाही. रविवारी तो कोरा फॉर्म न्यायला येणार आहे.