मदत हवी आहे: ‘तुतारी’चा घाट (रचना) आणि भाव कसा मांडू?

नमस्कार दादा-ताई. मी फैजपूरकडची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. केशवसुतांच्या ‘तुतारी’वर (१८९३) सेमिनार द्यायचाय. केशवसुत पुढे भडगावला आणि आमच्या फैजपूरला शिक्षक होते, म्हणून ही कविता मी हट्टाने मागून घेतली.

घाटाचं थोडं जमलंय. कडवं पाच ओळींचं. मात्रा मोजल्या तर ‘भेदुनि टाकिन सगळी गगने’ चार-चारच्या चार गटांत सोळा भरते. यमक मला फार आवडलं: पहिल्या कडव्यात ओळींच्या शेवटी ‘आणुनि’नंतर ‘स्वप्राणाने, गगने, किंकाळीने’ असा लागोपाठ मारा, आणि ‘मजलागुनि’वर पुन्हा पहिल्या यमकाकडे. मधल्या तीन ओळींत आवाज चढतच जातो, मोठ्याने वाचून बघा.

अडलंय ते भावाशी. सर म्हणतात वीररस लिही. पण जुन्याबद्दलच्या ‘जाळुनि किंवा पुरुनी टाका’ यात मला सरळ संताप दिसतो, आणि लगेच ‘सावध! ऐका पुढल्या हाका!’ म्हणजे इशारा. शिवाय सुरुवातीला कवी तुतारी मागतोय, अजून ती हातात नाही! मग याला वीररस म्हणायचं की रौद्र (संतापाचा रस)? की भाव बदलत जातो असं लिहिलं तर चालेल? आणि जुनं जाळा म्हणणारी कविता इतक्या शिस्तीच्या मात्रांत का, हे कसं मांडू?

मराठी शिकवणाऱ्यांनी जरूर सांगा. सोमवारी सादर करायचंय.