शब्दचर्चा: ‘अ‍ॅडॅप्टिव्ह लर्निंग’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न, गंगापूर रोड, नाशिक: सातवीच्या गणित-सरावाच्या अ‍ॅपसाठी शिक्षकांची मराठी पुस्तिका करतो आहोत. मुलाच्या उत्तरांवरून अ‍ॅप पुढचा सराव बदलते, त्याला इंग्रजीत ‘अ‍ॅडॅप्टिव्ह लर्निंग’ म्हणतात. ‘अनुकूल अध्ययन’, ‘अनुकूलित अध्ययन’, ‘व्यक्तिनिष्ठ अध्ययन’ असे तीन पर्याय आलेत. कोणता घ्यावा?

भाषांतरकार, नाशिकरोड: ‘व्यक्तिनिष्ठ’ आधी काढा, तो ‘वस्तुनिष्ठ’चा विरुद्धार्थी आहे. ‘अनुकूल’ म्हणजे सोयीचे. ‘अनुकूलित’मध्ये बदल होऊन गेलेला असतो, इथे तो प्रत्येक उत्तरागणिक चालूच राहतो. ‘अनुकूलनशील’ बरोबर आहे, पण ‘अध्ययना’ला लावू नका. विज्ञानाच्या पुस्तकात निवडुंगाचे अनुकूलन वाचलेल्या माणसाला वाटेल, जुळवून मुलानेच घ्यायचे आहे. जुळवून घेते ती प्रणाली. म्हणून ‘अनुकूलनशील अध्यापन प्रणाली’.

संगणक शिक्षिका, पंचवटी: सहमत. पण जुळवून घेते म्हणजे काय करते, हेही पुस्तिकेत हवे. मुलाला एखादे कौशल्य येत असण्याची शक्यता काढायची, कॉर्बेट आणि अँडरसन या संशोधकांनी १९९०च्या दशकात मांडलेली, अजूनही वापरात असलेली पद्धत चार आकड्यांवर चालते: आधीपासून येत असण्याची शक्यता, सरावाने शिकण्याची, येत असून चुकण्याची आणि येत नसताना बरोबर येण्याची. शेवटच्या दोघांना मी ‘नजरचूक’ आणि ‘अंदाज’ म्हणेन. समजा, अपूर्णांकांची बेरीज येत असण्याची शक्यता ०.४०, नजरचूक ०.१० आणि चार पर्यायांमुळे अंदाज ०.२५. येत असून बरोबर येण्याची शक्यता ०.४० × ०.९० = ०.३६, येत नसताना बरोबर येण्याची ०.६० × ०.२५ = ०.१५. म्हणून उत्तर बरोबर आले की येत असण्याची नवी शक्यता ०.३६ ÷ (०.३६ + ०.१५), म्हणजे सुमारे ०.७१. चुकले तर तसेच ०.०४ ÷ (०.०४ + ०.४५), म्हणजे सुमारे ०.०८. त्यात त्या सरावातून शिकण्याची भर पडते. आकडा ०.९५ गाठला की ‘प्रभुत्व’ धरून पुढचा घटक देण्याची प्रथा आहे. ‘अंदाज’ उगाच ०.०५ ठेवला, तर ठोकून दिलेली उत्तरेही प्रभुत्वात मोजली जातात.

गणित शिक्षक, पेठ तालुका: सगळ्यात मोठी गफलत प्रश्नाला कौशल्य जोडताना, म्हणजे तो काय तपासतो हे नोंदवताना होते. घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलाला शाब्दिक उदाहरणातले ‘उर्वरित’ कळले नाही, तरी प्रणाली ‘अपूर्णांक कच्चे’ अशी नोंद करते आणि तसलीच उदाहरणे आणखी देते. अशा प्रश्नाला ‘वाचन’ हे वेगळे कौशल्यही जोडा आणि तीच आकडेमोड शब्दांविना एकदा विचारा. दुसऱ्यांदा बरोबर आले, तर अडचण भाषेची असण्याचीच शक्यता जास्त.

भाषांतरकार, नाशिकरोड: मग अहवालात ‘कमकुवत विद्यार्थी’ छापू नका. ‘या घटकाचा सराव बाकी’ लिहा. आकडा घटकाचा आहे, मुलाचा नव्हे.