पेंढ्याच्या गठ्ठ्यांचं घर: बाहेरचा गिलावा चुन्याचा की सिमेंटचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही दोन खोल्यांचं घर पेंढ्याच्या गठ्ठ्यांचं बांधतोय. जोतं झालंय, लाकडी सांगाडा उभा आहे, छप्परही चढलंय. आता मधल्या जागा गठ्ठ्यांनी भरायच्या. पण गाडी अडलीय ती गिलाव्यापाशी.

आमचे गवंडीकाका अनुभवी आहेत, मनापासून काम करतात. ते म्हणतात, "बाहेरून सिमेंटच मारा, नाहीतर पावसात भिंत धुपेल." मी वाचलंय ते नेमकं उलट. सिमेंटला केसासारख्या भेगा पडतात, त्यातून पाणी आत शिरतं आणि वाफ होऊन सहज बाहेर पडत नाही. चुना ओल घेतो तशी सोडतोही.

माझी काळजी उगाच नाही. ताडपत्रीच्या एका भोकातून रात्रभर पाणी गळलं आणि एक गठ्ठा भिजला. चार दिवसांनी तो वरून कडकडीत वाळलेला दिसत होता. सुतळी कापून आत हात घातला, तर मधला पेंढा गरम! काड्या काळपट, वास कुबट. ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा असं का सांगतात, ते त्या दिवशी कळलं.

तरी विचार बदलायचा नाहीये. अशाच एका घरात आम्ही चार दिवस राहिलो होतो. दीड फूट जाडीची भिंत, खिडकीच्या कट्ट्यावर मांडी घालून बसता येतं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि आत पंख्याचीही गरज वाटली नाही. पोकळ काड्यांत आणि त्यांच्या मधे हवा अडकून राहते, म्हणून उष्णता आत येत नाही आणि थंडीत बाहेर जात नाही. आवाजही अडतो. शिवाय जो पेंढा एरवी शेतात जाळला जातो, त्यातला कार्बन भिंतीतच राहतो.

आगीचं घरचे सगळेच विचारतात. सुटा पेंढा भुर्रकन पेटतो, पण दाबून बांधलेल्या गठ्ठ्यात हवाच कमी असते. आगीच्या चाचणीत मातीचा गिलावा केलेली भिंत १ तास टिकली, सिमेंटची २ तास. (हा मुद्दा सिमेंटच्या बाजूचा आहे, मान्य.) आणि टिकाऊपणाचं म्हणाल, तर अमेरिकेत नेब्रास्कातल्या आर्थर गावी १९२८ साली गठ्ठ्यांचं बांधलेलं चर्च आजही उभं आहे. फ्रान्समधल्या माँतार्जी गावातलं घर तर १९२० चं.

तर ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सांगा: बाहेरून चुना, आतून माती असं केलं, तर पावसाची झड लागणारी बाजू किती वर्षं टिकली? त्या बाजूला छप्पर किती पुढे काढलंत? आमचं सध्या दोन फूट आहे, मला कमी वाटतंय. सगळ्यात खालचा थर जोत्यावर थेट ठेवलात की मधे लाकडी पट्ट्या घालून उचललात? ओलावा मोजायची सळई भिंतीत नेमकी कुठे खुपसून बघता?

गठ्ठे रचायला पुढच्या आठवड्यात घेतोय. पण चुना करायचा ठरला, तर तो आत्ताच भिजत घालावा लागेल, म्हणून जरा घाई आहे.