मदत हवी आहे: उबुंटू बदललं आणि आरसेक रुसलं

नमस्कार मंडळी, मी बडोद्याहून. आमच्या सी प्रोग्रॅममध्ये प्रोसेसरच्या दर कोअरला वेगळा काउंटर आहे. लॉक लावलं की सगळे थ्रेड (प्रोग्रॅमचे एकाच वेळी चालणारे धागे) एकाच दारात, नवरात्रात गरब्याच्या गेटवर होतं तसं. म्हणून लिनक्सचं आरसेक (rseq, म्हणजे मधे खंड पडला तर पहिल्यापासून चालवता येणारा सूचनांचा छोटा तुकडा) वापरलं (कर्नल ४.१८, २०१८ पासून आहे). तो तुकडा चालू असताना कर्नलने थ्रेड कोअरवरून काढला, दुसऱ्या कोअरवर गेला किंवा सिग्नल आला, तर कर्नल त्याला शेवटच्या स्टोअरपर्यंत (मेमरीत आकडा लिहिण्यापर्यंत) जाऊ न देता आपण दिलेल्या अबॉर्टच्या पत्त्यावर पाठवतं. तिथून पुन्हा पहिल्यापासून. महागडी अ‍ॅटॉमिक सूचना लागतच नाही, मला तर फार आवडलं.

उबुंटू २०.०४ वर सुरळीत होतं. २२.०४ वर आरसेकसाठी थ्रेडच्या मेमरीतल्या एका जागेचा पत्ता कर्नलला कळवावा लागतो; त्या नोंदणीचा सिस्टिम कॉल थेट 'ईइनव्हॅल' (EINVAL, चुकीची माहिती दिल्याची त्रुटी) देतो. दोन रात्री घालवल्यावर कळलं, जीलिबसी (glibc, सी प्रोग्रॅमची मूळ लायब्ररी) २.३५ प्रत्येक थ्रेडची नोंदणी स्वतःच करून ठेवते आणि एका थ्रेडला दोन पत्ते चालत नाहीत. ट्यूनेबलने (जीलिबसीच्या सेटिंगने) ती नोंदणी बंद केली की चालतं, पण गिऱ्हाइकाच्या प्रत्येक मशीनवर हे कोण करणार?

तर, जीलिबसीने नोंदवलेलीच जागा तिने दिलेल्या ऑफसेटवरून (अंतरावरून) शोधून वापरायची, आणि जुन्या मशीनवर आपली नोंदणी, असं एकाच बायनरीत कुणी केलंय का? त्या ऑफसेटचे सिम्बॉल वीक (जुन्या जीलिबसीत नसले तरी चालतील असे) ठेवले तर पुरे, की डीएलसिम (dlsym, चालू प्रोग्रॅममध्ये नावावरून पत्ता शोधणारं फंक्शन) लागेल?

अजून एक. जीडीबीत (gdb, चुका शोधायच्या डीबगरमध्ये) त्या तुकड्यातली एकेक सूचना पुढे सरकवली की दर वेळी अबॉर्ट, पुन्हा सुरुवात, शेवट येतच नाही! तुम्ही हा भाग तपासता तरी कसा?